छंदाकडून दुकानाकडे : जुन्या वस्तूंचा संग्रह आणि ग्रामीण सूक्ष्म उद्योग

ग्रामीण भागातील रोजगाराचा विचार करताना शेती, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि प्रक्रिया उद्योग यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. तथापि, खेड्यातील एखाद्या माळ्यावर, अडगळीच्या खोलीत किंवा बंद पडलेल्या वाड्यात साठून राहिलेल्या वस्तू हेदेखील एक प्रकारचे भांडवल आहे. अशा वस्तू जमवण्याचा छंद असलेल्या व्यक्तीस त्यातून लहानसे दुकान उभे करता येईल काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात वारसासंरक्षण, लघुउद्योग धोरण, करआकारणी, वन्यजीव कायदा आणि ग्राहकहित असे अनेक विषय एकत्र येतात. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हे विषय सुटे सुटे अभ्यासले जातात. एकाच उदाहरणाच्या आधारे त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम आणि पुढे प्लॅस्टिक घरोघरी पोहोचले. तांब्या-पितळेची घंगाळे, बंब, हंडे, कळशा, फिरकीचे तांबे आणि डबे हळूहळू माळ्यावर गेले. विजेच्या गिरणीमुळे जाते थांबले, मिक्सरमुळे पाटा-वरवंटा कोपऱ्यात उभा राहिला. दशमान चलनपद्धती १ एप्रिल १९५७ पासून अमलात आली आणि आणे-पैचा व्यवहार संपुष्टात आला. त्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत असत. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे शेर, पायली, अधोली, मापटे, चिपटे ही मापे बाजारातून बाहेर पडली. अशा प्रकारे दोन-तीन दशकांच्या कालावधीत ग्रामीण घरातील वस्तूंचा संपूर्ण संच निरुपयोगी ठरला.

या वस्तूंचे पुढे काय होते, यावर खेड्याचे नुकसान किंवा लाभ अवलंबून असतो. बहुतेक वेळा त्या भंगारवाल्याकडे जातात. पितळेचा अडकित्ता, नक्षीचे पानदान किंवा कोरीव झाकणाचा डबा तेथे केवळ धातूच्या वजनावर, म्हणजे मोडीच्या भावाने, घेतला जातो. तीच वस्तू काही महिन्यांनी शहरातील सजावटीच्या दुकानात अनेक पटींनी महाग विकली जाते. वस्तू आणि तिचे अतिरिक्त मूल्य ही दोन्ही गावातून निघून जातात. त्याहून वाईट म्हणजे, न विकली गेलेली वस्तू वितळवली जाते आणि तिच्याबरोबर कारागिरीचा एक पुरावा कायमचा नष्ट होतो.

गावातच राहणारा एखादा जाणकार संग्राहक या साखळीच्या पहिल्याच टप्प्यावर उभा राहू शकतो. त्याला वस्तू ओळखता येते, तिचे घर माहीत असते आणि देणाऱ्याचा विश्वासही त्याच्यावर असतो. ग्रामीण बिगरशेती व्यवसायांचे महत्त्व आकडेवारीवरूनही दिसते. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५९ टक्के ग्रामीण भागात होत्या. यांतील बहुसंख्य आस्थापना अत्यंत लहान, कुटुंबातील माणसांच्या श्रमावर चालणाऱ्या असतात. संग्रहातून निर्माण होणारे दुकान याच वर्गात मोडते.

संग्राहक आणि व्यापारी

संग्रह आणि व्यापार यांच्या प्रेरणा भिन्न आहेत. संग्राहक वस्तू टिकवण्यासाठी घेतो, व्यापारी ती पुढे देण्यासाठी घेतो. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. त्यांचा चरितार्थ चष्म्याच्या दुकानावर चालत असे. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दौती, दारे-खिडक्या अशा दैनंदिन वापरातील वस्तू त्यांनी देशभर फिरून जमवल्या. हा संग्रह त्यांनी विकला नाही, पुढे तो राज्य शासनाकडे सुपूर्द केला. त्यांच्या दिवंगत पुत्राच्या नावाने ओळखले जाणारे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय त्यातून उभे राहिले. येथे दुकानाने छंदाला पोसले, छंदाचे दुकान झाले नाही.

तमिळनाडूतील कारैकुडी येथे याच्या उलट चित्र दिसते. ब्रह्मदेश, मलाया व सिलोन येथे व्यापार करणाऱ्या नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजाने चेट्टिनाड परिसरात भव्य वाडे बांधले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा परदेशी व्यापार ओसरला, कुटुंबे विखुरली आणि अनेक वाडे बंद पडले. त्यांतील इनॅमलची भांडी, लाकडी खांब, दरवाजे व तसबिरी यांचा बाजार कारैकुडीत उभा राहिला. त्यातून अनेकांना रोजगार मिळाला आणि वस्तू वितळण्यापासून वाचल्या. मात्र वाड्याचे भाग सुटे विकले गेले की वाडा पुन्हा उभा राहत नाही, ही त्याची दुसरी बाजू होय.

या दोन टोकांच्या मध्ये ग्रामीण दुकानाची जागा आहे. त्यासाठी संग्रहाचे तीन भाग करणे इष्ट ठरते. पहिला भाग कधीही न विकण्याच्या वस्तूंचा. तो प्रदर्शन म्हणून राहतो आणि ग्राहकाला दुकानाकडे आणतो. दुसरा भाग विक्रीचा. तिसरा भाग भाड्याने देण्याचा. हे विभाजन दुकान सुरू होण्यापूर्वीच झाले पाहिजे. अन्यथा पहिल्या आर्थिक अडचणीत संग्रहातील सर्वोत्तम वस्तू सर्वप्रथम विकली जाते आणि दुकानाचे वैशिष्ट्यच नाहीसे होते.

काय विकता येते, काय नाही

या व्यवसायातील सर्वात मोठा धोका तोट्याचा नसून अज्ञानाचा आहे. पुढील कायदे संग्राहकास आणि परीक्षार्थीस सारखेच उपयुक्त आहेत.

१) पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ : हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेली नाणी, शिल्पे, चित्रे, शिलालेख, तसेच गतकाळातील कला, कारागिरी, धर्म, रूढी इत्यादींवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तू यांचा पुराणवस्तूंमध्ये समावेश होतो. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुराणवस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी कलम ५ नुसार परवाना लागतो. दगड, मृत्तिका, धातू, हस्तिदंत व अस्थी यांची शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते आणि कोरीव काष्ठशिल्पे अशा अधिसूचित वर्गांतील वस्तूंची नोंदणी बंधनकारक आहे. पुराणवस्तूंची निर्यात केवळ केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणाच करू शकते. या तरतुदीच्या भंगासाठी किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. कलानिधी ही संकल्पना वेगळी आहे. पुराणवस्तू नसलेल्या, परंतु कलात्मक मूल्यामुळे केंद्र सरकारने तसे घोषित केलेल्या, हयात नसलेल्या कलावंतांच्या कृती तिच्यात येतात. रवींद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, राजा रविवर्मा आदींच्या कृतींचा त्यांत समावेश आहे.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १०० वर्षांची मर्यादा एखाद्या ठरावीक सालाशी बांधलेली नाही, ती दरवर्षी पुढे सरकते. १९३० सालचे नाणे आज सामान्य वस्तू असले, तरी २०३० मध्ये ते शंभर वर्षांचे होईल. दुकानातील न विकलेला माल अशा रीतीने फळीवर बसल्या बसल्या कायद्याच्या कक्षेत प्रवेश करतो. म्हणून वस्तूच्या नोंदीत तिचा अंदाजे काळ लिहिणे ही केवळ हौस नाही, ती कायदेशीर गरज आहे. परवाना नसलेल्या दुकानदाराने स्वातंत्र्योत्तर काळातील वस्तूंपुरता व्यवसाय मर्यादित ठेवणे हा सर्वात सुरक्षित मार्ग होय.

२) भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ : जमिनीत दडलेला आणि दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. नांगरताना किंवा घराचा पाया खणताना सापडलेले नाण्यांचे गाडगे दुकानात आले, तर ते विकत न घेता देणाऱ्यास या तरतुदीची जाणीव करून देणे, हे दुकानदाराचे कर्तव्य ठरते. ठेव्याची नेमकी जागा, खोली आणि त्यासोबतच्या वस्तू यांवरून इतिहासाचा उलगडा होतो. नाणी सुटी झाली की तो पुरावा संपतो.

३) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ : जुन्या वाड्यांच्या भिंतींवरील सांबरशिंगे, कातडी, हस्तिदंती मुठी यांचा व्यापार निषिद्ध आहे. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ च्या दुरुस्तीने बंदी आली. किनारपट्टीवरील शंख-शिंपले जमवणाऱ्यांनीही सावध राहणे आवश्यक आहे. २००१ मध्ये अनेक मृदुकाय प्रजातींना या कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यांत नॉटिलस आणि काही महाकाय शिंपल्यांचा समावेश होता. नैसर्गिकरीत्या गळालेल्या मोरपिसांचा देशांतर्गत व्यवहार मात्र अपवाद मानला गेला, निर्यात नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूचींची फेररचना होऊन त्यांची संख्या चार झाली.

४) चलनविषयक तरतुदी : ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या ५०० व १००० रुपयांच्या नोटा संग्राहकांकडे आढळतात. २०१७ च्या विनिर्दिष्ट बँक नोटा (दायित्व समाप्ती) अधिनियमानुसार अशा एकूण दहापर्यंत नोटा, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्राच्या प्रयोजनासाठी पंचवीसपर्यंत नोटा बाळगण्यास मुभा आहे. ही मुभा बाळगण्यापुरती आहे. याशिवाय, जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून शुल्क उकळले जात असल्याबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले होते. घरातील एका नाण्याचे लाखो रुपये मिळतील, ही जाहिरात बहुधा फसवणुकीची पहिली पायरी असते.

५) अन्य तरतुदी : शेर, पायली आदी अप्रमाणित मापे विक्रीस ठेवण्यावर २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम निर्बंध घालतो. अशी मापे प्रदर्शनाच्या भागात ठेवावीत आणि विक्रीपूर्वी संबंधित निरीक्षकांकडून खातरजमा करावी. रद्दीतून आलेली सरकारी दप्तरे सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या कक्षेत येऊ शकतात. देवळातील मूर्ती, प्रभावळी, घंटा यांबाबत चोरीच्या मालाचा धोका असतो. चोरीची मालमत्ता स्वीकारणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. खरेदीची नोंदवही हे यावरील उत्तम संरक्षण होय. देणाऱ्याचे नाव व ओळखपत्र, वस्तूचे वर्णन, छायाचित्र, किंमत, दिनांक आणि स्वाक्षरी एवढ्या बाबी त्यात असाव्यात.

ही यादी वाचून सर्वच दारे बंद असल्याचा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुस्थिती तशी नाही. टपाल तिकिटे, जुनी दिनदर्शिका व आगपेट्यांची लेबले, स्वातंत्र्योत्तर नाणी, इनॅमलच्या पाट्या, ग्रामोफोनच्या तबकड्या, व्हॉल्व्हचे रेडिओ, कंदील, पत्र्याच्या ट्रंका, पितळी भांडी, लाकडी पेट्या आणि खेळणी असा मोठा साठा मोकळा राहतो. ग्रामीण दुकानास तो पुरेसा आहे.

योग्य किंमत आणि विश्वास

जुन्या वस्तूला छापील किंमत नसते. दुर्मीळता, अवस्था, पूर्णता, मूळस्थानाची माहिती आणि मागणी या पाच घटकांवर ती ठरते. झाकण हरवलेला डबा आणि झाकणासह डबा यांच्या किमतीत मोठे अंतर पडते. कोणत्या गावी, कोणत्या कारागिराने, कोणत्या कामासाठी वस्तू घडवली याची टीप सोबत असल्यास तिचे मूल्य वाढते. या टिपा गावातच मिळतात, शहरातील विक्रेत्याकडे त्या नसतात. हीच ग्रामीण दुकानाची खरी बलस्थाने आहेत.

अतिउत्साही स्वच्छता हानिकारक ठरते. नाणे चिंच किंवा राखेने घासून चकचकीत केल्यास त्यावरील नैसर्गिक थर जातो, अक्षरे झिजतात आणि जाणकारांच्या लेखी त्याची किंमत घटते. तिकीट पाकिटावरून ओढून काढल्यास टपालाचा शिक्का, मार्ग आणि दिनांक ही माहिती तुटते. पितळी-तांब्याच्या भांड्यांचा विचार वेगळा आहे. ग्राहक ती वापरण्यासाठी घेत असेल, तर कथील व नवसागर वापरून केलेली कल्हई आवश्यकच ठरते. त्यातून कल्हईवाले, तांबट आणि सुतार यांनाही काम मिळते.

अर्थशास्त्रातील माहितीच्या विषमतेची संकल्पना येथे प्रत्यक्ष अनुभवास येते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराच्या आधारे तिची मांडणी केली आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या उदाहरणात विक्रेत्याला अधिक माहिती असते व ग्राहक अनभिज्ञ असतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात ही विषमता दोन्ही दिशांनी असते. विकताना दुकानदार जाणकार व ग्राहक अनभिज्ञ असतो. विकत घेताना माळ्यावरील वस्तू आणून देणारी वृद्ध स्त्री अनभिज्ञ असते. तिच्या अज्ञानाचा लाभ एकदा घेता येईल. गाव लहान असल्याने ती गोष्ट मात्र आठवडाभरात सर्वांना कळते आणि पुढचे दार उघडत नाही. म्हणून मोडीच्या भावापेक्षा निश्चितपणे अधिक दर देणे, अपेक्षित विक्रीकिंमत देणाऱ्यास सांगणे, किंवा वस्तू विकली गेल्यावर ठरलेला वाटा देण्याच्या अटीवर ती ठेवून घेणे, या पद्धती नैतिक तर आहेतच, व्यावसायिकदृष्ट्याही शहाणपणाच्या आहेत. शेवटच्या पद्धतीत दुकानदाराचे भांडवलही अडकत नाही.

ग्राहकाच्या बाबतीत नव्या वस्तूला कृत्रिम जुनेपणा आणून ती जुनी म्हणून विकण्याचा मोह टाळला पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. दिशाभूल करणारे वर्णन त्याच्या कक्षेत येते. जुने, दुरुस्त केलेले आणि नवे अशा तीन चिठ्ठ्या प्रत्येक वस्तूस लावल्यास बहुतेक वाद उद्‌भवतच नाहीत.

हिशेब काय सांगतो

एक काल्पनिक उदाहरण घेऊन या व्यवसायाचे अर्थकारण तपासता येईल. समजा, एका दुकानात वर्षभर सरासरी १,००,००० रुपयांचा माल आहे. वर्षात विकल्या गेलेल्या वस्तूंची खरेदीकिंमत १,२०,००० रुपये आणि विक्रीकिंमत २,१०,००० रुपये आहे. ढोबळ नफा ९०,००० रुपये होतो. आता खर्च पाहू. भाडे १८,०००, वीज व बांधणी १२,०००, प्रवास १५,०००, दुरुस्ती व कल्हई १२,००० आणि ५०,००० रुपयांच्या कर्जावर १० टक्के दराने व्याज ५,०००, असा एकूण खर्च ६२,००० रुपये. निव्वळ शिल्लक २८,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,३३३ रुपये.

हा आकडा निराशाजनक आहे आणि त्याचे कारण नफ्याच्या प्रमाणात नाही. विक्रीवरील ढोबळ नफ्याचे प्रमाण सुमारे ४३ टक्के, म्हणजे किराणा दुकानाच्या मानाने बरेच अधिक आहे. खरी अडचण मालाच्या फिरत्या गतीत आहे. १,२०,००० भागिले १,००,००० म्हणजे १.२. माल वर्षातून जेमतेम सव्वा वेळा फिरतो. एखाद्या वस्तूचा जाणकार ग्राहक येईपर्यंत वर्ष जाते आणि तोवर भांडवल फळीवर बसून राहते. यामुळेच छंदावर मोहित होऊन मोठे कर्ज काढणारे अडचणीत येतात.

यावर उपाय म्हणजे वस्तू न विकता तिच्यापासून उत्पन्न मिळवणे. लग्नसमारंभ, नाट्यसंस्था, चित्रीकरण आणि कृषी पर्यटन केंद्रे यांना जुन्या वस्तू भाड्याने लागतात. विकलेली वस्तू एकदाच पैसे देते, भाड्याने दिलेली वस्तू परत येते. याला दुरुस्ती-कल्हईच्या सेवेची जोड देऊन महिन्याला निव्वळ ४,००० रुपये मिळाले, तर वर्षाला ४८,००० रुपयांची भर पडते. एकूण शिल्लक ७६,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ६,३३३ रुपये होते. शेती किंवा अन्य कामास पूरक उत्पन्न म्हणून ही रक्कम लक्षणीय आहे. संपूर्ण कुटुंबाचा एकमेव आधार म्हणून ती अपुरी आहे. हा फरक प्रारंभीच मान्य केल्यास निर्णय योग्य होतो.

शासकीय योजना व कर

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती निःशुल्क व स्वयंघोषणेवर आधारित आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक २.५ कोटी रुपये आणि उलाढाल १० कोटी रुपये अशी वाढवण्यात आली. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये या नोंदणीत पुन्हा स्थान देण्यात आले, परंतु त्याचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता ठेवण्यात आला. हा बारकावा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तीत तारणाविना शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत व तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्जाची सोय करण्यात आली. तरुण गटातील कर्ज यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाख रुपयांपर्यंतचा तरुण प्लस गट जोडण्यात आला. वरील उदाहरणातील दुकानास शिशु गट पुरेसा ठरतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा भर उत्पादन व सेवा उद्योगांवर राहिला असून नुसत्या खरेदी-विक्रीस त्यात सहसा स्थान नसते. दुरुस्ती कार्यशाळेचा विचार मात्र सेवा उद्योग म्हणून होऊ शकतो. प्रशिक्षणासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा उपयोग होतो. १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर त्या जिल्हावार स्थापन झाल्या आणि बँकांच्या मदतीने त्या विनामूल्य प्रशिक्षण देतात.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यांसाठी बहुतांश राज्यांत नोंदणीची मर्यादा एप्रिल २०१९ पासून ४० लाख रुपये उलाढालीची आहे. लहान दुकान साधारणतः तिच्या आत राहते. मात्र राज्याबाहेर माल पुरवल्यास, हस्तकला वस्तूंसारखे काही अपवाद वगळता, मर्यादेचा विचार न करता नोंदणी करावी लागते. दूरच्या संग्राहकास पार्सल पाठवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवले पाहिजे. नोंदणी झाल्यावर वापरलेल्या वस्तूंच्या विक्रेत्यास नियम ३२(५) नुसार विक्री व खरेदी किमतीतील फरकावर कर भरण्याची सवलत घेता येते. त्यासाठी त्या खरेदीवर निविष्टी कर परतावा घेतलेला नसावा. येथेही खरेदीची नोंदवही हाच पुरावा ठरतो.

छंदाची जोपासना आणि संस्था

दुकान टिकण्यासाठी ग्राहक घडवावे लागतात. टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. इयत्ता सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती देण्याची तरतूद तीत करण्यात आली. नाशिकजवळील अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. खेड्याच्या परिसरातही उच्च दर्जाचे संशोधन उभे राहू शकते, याचे ती उदाहरण आहे. हस्तलिखितांच्या नोंदीसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन आणि स्मारके व पुराणवस्तूंच्या नोंदीसाठी २००७ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय मिशन सुरू करण्यात आले. गावातील जाणकार संग्राहक अशा नोंदकार्यास स्थानिक दुवा म्हणून साहाय्य करू शकतो. शाळेच्या सहलीसाठी दुकानातील प्रदर्शनाचा भाग खुला ठेवल्यास मुलांना शेर-पायलीचे गणित हाताने करून पाहता येते.

समारोप

छंदातून उभे राहणारे ग्रामीण दुकान हा श्रीमंतीचा मार्ग नाही. मोडीत जाणाऱ्या वस्तूला गावातच योग्य मोल मिळवून देणारी आणि त्या मूल्याचा काही भाग गावात ठेवणारी ती लहानशी व्यवस्था आहे. तिचे यश कायद्याचे ज्ञान, काटेकोर नोंदी, संथ गतीने फिरणाऱ्या भांडवलाचे भान आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांशी प्रामाणिक व्यवहार या चार बाबींवर अवलंबून राहते. वारसा म्हटले की किल्ले आणि लेणी डोळ्यांसमोर येतात. माळ्यावरचे घंगाळ आणि कंदील हाही वारसाच आहे, आणि त्यांचे भवितव्य पुष्कळदा भंगारवाला आधी पोहोचतो की जाणकार, यावर ठरते.

सरावासाठी प्रश्न

१) पुराणवस्तू व कलानिधी या संकल्पनांतील फरक स्पष्ट करून १९७२ च्या अधिनियमातील परवाना, नोंदणी व निर्यातविषयक तरतुदी सांगा.

२) किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा लाभ मर्यादित स्वरूपात देण्यामागील कारणांची चर्चा करा.

३) ढोबळ नफ्याचे प्रमाण अधिक असूनही एखादा व्यवसाय अल्प उत्पन्नाचा का ठरू शकतो? मालाच्या फिरत्या गतीच्या आधारे सोदाहरण स्पष्ट करा.

४) माहितीच्या विषमतेचा ग्रामीण बाजारपेठेवर होणारा परिणाम सांगून तो कमी करण्याचे उपाय सुचवा.